अमानत

आमच्या सणसवाडीतल्या शेजारच्या खाला बिछान्याला खिळल्या होत्या, तेव्हा एकदा म्हणाल्या, "मास्टर, मी गेले की माझे डोळे कुणाला तरी द्या." वय ऐंशीच्या घरात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आम्ही हसलो. पण मोतीबिंदू असतो आतल्या भिंगात आणि दिला जातो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. म्हणजे खाला बरोबर होत्या, बी.एड. झालेले आम्ही चुकलो होतो.

तो पडदा सहा तासांच्या आत काढावा लागतो. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं उशीवर उंच ठेवायचं. पडद्याच्या आतल्या थरातल्या पेशी जिवंत राहणं महत्त्वाचं, कारण त्या मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. एम.के. नावाच्या द्रावणात 4 अंश सेल्सिअसला पडदा 4 दिवस टिकतो, नव्या द्रावणांत 14 दिवसांपर्यंत.

खाला गेल्या त्या रात्री आमच्या खिशात मोबाइल होता. नगर रस्त्यानं पुणं तीसेक किलोमीटर. वाघोलीची गर्दी रात्री नसते. पण गुस्लची तयारी सुरू झाली, बुजुर्ग म्हणाले, दफनाला उशीर नको. आम्ही तोंड उघडलं नाही.

शरीर अल्लाहची अमानत, ते देणारे आपण कोण, असा आक्षेप घेतात. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1988 साली जेद्दाच्या फिकह अकादमीनं अटी घालून अवयवरोपणाला परवानगी दिली, तरी आपल्याकडच्या अनेक उलेमांना मृत्यूनंतरचं दान मान्य नाही. मात्र श्रीलंकेत हडसन सिल्वा यांनी 1961 साली स्थापन केलेल्या नेत्रदान संस्थेनं पाकिस्तानला हजारो कॉर्निया पाठवले. बौद्धांच्या डोळ्यांनी किती मुसलमान कुराण वाचत असतील! घेताना अमानत आडवी येत नाही, देतानाच का येते, हे आम्हाला उमगलेलं नाही.

आणि खालांचा शब्द? तोही आमच्याकडे ठेवलेला होताच. संमती द्यायची ती वारसांनी. नकाराचा हक्कही त्यांचाच. आम्ही गप्प राहून तो नकारसुद्धा आमच्या हातात घेतला.

परवा त्यांच्या मुलानं विचारलं, "अम्मा तुमच्याशी खूप बोलायची. काही सांगून गेली का?"

आम्ही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या रात्री विचारलं असतंत तर मी बहुतेक नाहीच म्हणालो असतो, मास्टर. पण विचारायला हवं होतंत."