आपले आपण सुरू होणे

संगणकाला बूट लागतो, ही गोष्ट मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळली. तोवर माझी समजूत अशी, की बूट फक्त दोघांना लागतात: लग्नातल्या नवरदेवाला आणि शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना. त्यातही नवरदेवाचे मेहुण्या पळवतात. त्यामुळे संगणकाच्या दुकानातला पोरगा फोनवर म्हणाला, "काकाजी, डिस्क तं पुरी क्लोन झाली, पन बूटच नाही होऊन राह्यली," तेव्हा "मग चपलेवर भागव," असे मी सांगणारच होतो. पण ही समोर उभी होती. तिच्या देखत अज्ञान प्रकट करायचे नाही, हे पथ्य मी गेली बेचाळीस वर्षे पाळतो आहे. अर्थात त्याचा काही उपयोग झालेला नाही.

संगणक आमच्या नानांचा. कारंज्यात शिक्षक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले आणि वयाची ऐंशी उलटल्यावर, २०१२ साली, त्यांनी हे यंत्र घरात आणले. "आता या वयात?" असे मी म्हटले, तर म्हणाले, "तुझ्या वयात तुला जमत नाही, म्हणून माझ्या वयात मी शिकतो." पहाटे पाचला उठायचे, मला हाक मारायची आणि रोजनिशी टंकायला बसायचे. पाऊस किती पडला, तुरीला काय भाव लागला, कोण येऊन गेले आणि शेवटी चिरंजीवांविषयी एखादी ओळ. ती ओळ फारशी गौरवपर नसावी, असा माझा कयास होता. २०१९ साली नाना गेले. रोजनिशी उघडून पाहण्याचा धीर मला झाला नाही, पण यंत्र मी जपून ठेवले.

पुढे ते यंत्र कण्हायला लागले. बटण दाबावे, आंघोळ उरकावी, चहा घ्यावा, तेव्हा कुठे पडदा उजळे. पुण्याहून मुलाने निदान केले: "बाबा, आतली हार्ड डिस्क जुनी झाली. त्यात तबकडी फिरते, ती कधीही दगा देईल. आता बिनफिरती एसएसडी मिळते, ती टाका. नानांच्या फाइली तेवढ्या माझ्या लॅपटॉपवर घेतो." तो दिवाळीत आला, फाइली घेतल्या आणि उघडून पाहतो तर नानांच्या शुद्ध मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची मिसळ! नाना जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकत. तो फाँट त्यांच्या यंत्रात होता, मुलाच्या नव्हता. मजकूर आला, पण मजकुराचे तोंड तिकडेच राहिले.

तेव्हा ठरले, की नुसते सामान हलवायचे नाही, घरच उचलून न्यायचे. फाँट, नानांचा तो लिंबासारखा पिवळा पडदा, कोपऱ्यातले घड्याळ, सगळे जसेच्या तसे. याला क्लोन म्हणतात, हे कळल्यावर मी खुशीत आलो. कारण माझी सारी नोकरी नकला करण्यात गेली. नाटकातल्या नव्हेत, तहसील कचेरीतल्या. जुन्या कागदाची नक्कल हवी असली की माणूस अर्ज करी. आम्ही मूळ कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवत असू. दुसरा कारकून ती मुळाशी ताडून बघे आणि खाली सह्या होत: नक्कल करणार अमुक, रुजवात घेणार तमुक. मुळाशी जुळली की नक्कल खरी, एवढीच आमची कसोटी. संगणकाची कसोटी निराळी असते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

तो पोरगा सांगत होता ते असे. डिस्कच्या अगदी डोक्यावर ५१२ बाइटांची एक चिठ्ठी असते. म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. सुरुवात कुठून करायची ते तिच्यात लिहिलेले असते. त्यापुढे साधारण १०० एमबीची एक लहानशी खोली. सुरू होण्याची हत्यारे त्या खोलीत. बाकी सगळा पसारा मोठ्या सी ड्राइव्हमध्ये. नानांची डिस्क ५०० जीबीची, म्हणजे ती खोली पाच हजारांत एक हिस्सा. पोराने मोठा भाग इमानाने उतरवला आणि ही अडगळ कशाला, म्हणून खोली सोडून दिली. झाले! एकही फाइल हरवलेली नाही, एकही अक्षर चुकलेले नाही, रुजवात पक्की. आणि बटण दाबले तर काळा पडदा.

बुटाची भानगडही त्यानेच समजावून सांगितली. बुटाला मागे एक पट्टी असते, ती ओढून पाय आत घालतात. त्या पट्ट्या धरून स्वतःच स्वतःला जमिनीवरून उचलावे, अशी अशक्य गोष्टीसाठी इंग्रजीत एक थट्टा होती. संगणकवाल्यांनी ती गंभीरपणे उचलली. कारण त्यांची अडचण तीच. डिस्कवरचा प्रोग्राम वर आणायचा, तर आणणाराही एक प्रोग्रामच लागतो. आमच्याकडे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात म्हणून ठेवले आहे, की नट कितीही शिकलेला असो, तो स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. आचार्यांना संगणक दाखवला असता तर ते म्हणाले असते, "मी काय सांगत होतो?" संगणकवाल्यांनी तोड काढली ती अशी: मदरबोर्डवर एक चिप असते, ती जागी होऊन डिस्कवरची चिठ्ठी वाचते, चिठ्ठी खोलीकडे बोट दाखवते आणि खोली घराला उठवते.

कारंज्याच्या माणसाला हे नवीन वाटायला नको होते. नृसिंह सरस्वतींचा जन्म आमच्या गावचा. गुरुचरित्रातली कथा अशी, की बाळ मुंज होईपर्यंत ओंकाराखेरीज काही बोलेना. सारे आत भरलेले होते, पण बोलणे सुरू व्हायला मुंजीचा मुहूर्त लागला. नाना ही कथा सांगत आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणत, "याची मुंज तर झाली आहे. आता कशाची वाट पाहतोय कोण जाणे."

असो. चार दिवसांनी पोराने यंत्र घरी आणून लावले. बटण दाबले आणि चहाचे आधण येण्याआधी पिवळा पडदा हजर! जुनी डिस्कही आतच राहू दिली होती. पंधरा दिवस मी येईल त्या पाहुण्याला हा वेग दाखवला. मग वाटले, म्हाताऱ्या डिस्कला उगाच कशाला राबवायचे, ती काढून कपाटात ठेवावी. पोराने काढली. बटण दाबले. काळा पडदा.

पोरगा चपापला. मग डोके खाजवत म्हणाला, "काकाजी, घोळ झाला. नवी डिस्क चालत होती, पन सुरू जुनीच करून देत होती." म्हणजे त्याने सुरुवातीची सोय नव्या डिस्कवर केलीच नव्हती. जुनीच्याच यादीत नवीचे नाव लिहून दिले होते. जुनी उठायची आणि नवीला उठवायची. आणि जोवर दोघी जवळजवळ होत्या, तोवर हे कळायला काही मार्गच नव्हता.

आपल्याकडे हे घडत नाही असे नाही. वाशिम इंग्रजांच्या काळी जिल्हाच होता, तो १९०५ साली मोडला. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम पुन्हा वेगळा निघाला. नवी पाटी, नवे शिक्के, सगळे झाले. तरी माझ्यासारख्याचे पाय बरेच दिवस सवयीने अकोल्याच्या गाडीकडेच वळायचे. कागदावर जिल्हा सुरू झाला होता, आमच्या डोक्यात जुनीच डिस्क फिरत होती.

पण त्या काळ्या पडद्यासमोर बसून मला आठवले ते वेगळेच. लहानपणापासून गाव मला 'नानांची कार्बन कॉपी' म्हणते. नाक तेच, अक्षर तेच, जुन्या पाकिटाची मागची बाजू हिशेबाला ठेवण्याची खोड तीच. मीही स्वतःला बरा चालणारा माणूस समजत होतो. वेळेवर कचेरी, वेळेवर जेवण. ते सगळे पहाटे पाचच्या "ऊठ रे!" वर चालले होते, हे मला २०१९ साली कळले. नाना गेल्यावर मी नऊ-नऊ वाजेपर्यंत पडून राहू लागलो. ही विचारायची, "काही दुखतंय का?" काही दुखत नव्हते. सगळे जिथल्या तिथे होते. बासष्ट वर्षांच्या माणसाला हाक मारणारे कोणी नव्हते, एवढेच.

तेव्हा प्रश्न असा पडतो, की मुलाला सगळे देणे म्हणजे काय? आपण त्याला घर देतो, शिक्षण देतो, चार श्लोक देतो, आपला रागीटपणाही देतो. हे सगळे सी ड्राइव्हमधले. ती लहान खोली मात्र आपण आपल्याकडेच ठेवतो. तीही कंजूषपणाने नव्हे, मायेने ठेवतो. हाक मारण्यात एक सुख असते. आपण हाक मारल्याशिवाय घर उठत नाही, यात तर फारच मोठे सुख असते. मग ही माया म्हणायची, की आपण गेल्यावरही आपली उणीव भासत राहावी म्हणून केलेली तजवीज?

यावर कोणी म्हणेल, की शंकराचार्यांचा दाखला देता आणि माणसाने आपले आपण सुरू व्हावे असेही म्हणता, हे कसे? बरोबर आहे. बटण कोणीतरी दाबावेच लागते, वीज कोठून तरी यावीच लागते. एकट्याने कोणीच सुरू होत नाही. पण चिठ्ठी आपली असावी. कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांत शतकानुशतके पोथ्या उतरवल्या गेल्या, बासनात बांधून जपल्या गेल्या. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीची अपभ्रंश काव्ये त्या पोथ्यांत होती. त्यांतले एक डॉ. प. ल. वैद्यांनी १९३१ साली आणि दुसरे डॉ. हीरालाल जैनांनी १९३३ साली संपादून काढले, तीही कारंज्याच्याच ग्रंथमालेत. नकलाकारांचे उपकार मोठेच. मी त्यांच्याच जातकुळीचा. पण पोथी पुन्हा बोलू लागली ती वाचणारा आला तेव्हा. नुसते जपणे ही अर्धीच कामगिरी, हे एका नकलाकाराने नोकरी संपल्यावर कबूल करावे, यात थोडी लाज आहे. पण कबूल करतो.

शेवटी पोराने सगळी डिस्क नव्याने उतरवली, चिठ्ठी आणि खोली धरून. दोन्ही डिस्का लावून पाहिले तर आणखी एक गंमत. प्रत्येक डिस्कला एक ओळखक्रमांक असतो. आता दोघींचा तोच झाला. यंत्र म्हणाले, एकाच सहीचे दोन मालक मला चालणार नाहीत, आणि त्याने एकीला बाजूला बसवले. आमच्या घरातही दोन नाना कधी चालले नाहीत. नाना होते तोवर बाजूला मीच बसलो होतो. पोराने जुनी डिस्क काढून माझ्या हातात दिली आणि एकट्या नवीवर बटण दाबले. काही क्षण काळा पडदा राहिला. माझा हात जुनी डिस्क परत द्यायला पुढे झालाही होता. मग पिवळा पडदा आला.

"आता जुनी पुसून टाकू का?" पोराने विचारले. मी नको म्हटले. ती नानांच्या कपाटात, त्यांच्या पोथीशेजारी ठेवली आहे. मग त्या दिवशी पहिल्यांदा रोजनिशी उघडली. शेवटच्या वर्षातले एक पान सापडले. पाऊस नाही. तुरीचा भाव. आणि खाली: 'आज चिरंजीवांना हाक मारली नाही. बघू.' त्याखाली दुसरी ओळ: 'साडेनऊ. हाक मारली.'

नानांनी डिस्क काढून पाहिली होती तर! आणि काळा पडदा बघून, मला काही न सांगता, परत लावली होती.

मी पुण्याला मुलाला रोज सकाळी साडेसहाला फोन करतो. तो अडतीस वर्षांचा आहे, तरी उठला की नाही ते बघायला. दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही. पलंगावर बसून राहिलो. आठ वाजता त्याचाच फोन आला. घाबराघुबरा. "बाबा, बरे आहात ना? आज फोन नाही तुमचा?"

"तू उठलास का?" मी विचारले.

"मी? मी रोज पाचलाच उठतो. साडेसहापर्यंत फिरून येतो आणि तुमच्या फोनची वाट बघतो. म्हटलं, तुम्ही उठलात की नाही ते कळतं."

मी बरे म्हणून फोन ठेवला. हिने चहा आणला आणि विचारले, "काय म्हणाला?"

"काही नाही," मी म्हटले. "त्याचं चालू आहे. उद्यापासून मला बघायचं आहे."