काळी चार आणि साबुदाण्याची खिचडी

माकणीसारख्या तेरणाकाठच्या गावात एकादशीच्या भजनाला पेटीवाला आधी विचारतो, "कंची पट्टी?"

"काळी चार."

लगेच पखवाजाकडून टोला येतो, "महाराज, साबुदाण्यावर काळी चार निघत न्हाई. काळी दोन धरा."

सगळे हसतात, गाणाराही हसतो आणि मुकाट दोनवर येतो. आज आवाज लागलेला नाही हे चारचौघांत सांगायला खिचडी कामी येते. (पखवाज चढवायचे कष्ट वाचतात, हा वादकाचा खासगी फायदा.)

काळी चार म्हणताच डोळ्यांपुढे तीन काळ्यांच्या घोळक्यातली मधली पट्टी येते. मूळची युरोपातली पेटी आपल्याकडे रुळली आणि गळ्यातला सूर बोटाने दाखवता येऊ लागला. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं, पण भजनी मंडळांनी सोडली नाही. स्केल चेंजर पेटीत तर खटका सरकवला की बोट पांढरी एकवर आणि वाजते काळी एक. पट्टी पाहून ओळखणाऱ्यांची तिथे फजिती होते.

सूर डोळ्यांनी पाहायची हौस मात्र पेटीहून जुनी. तेराव्या शतकात आपल्या मराठवाड्यातच, देवगिरीला, शारंगदेवाने 'संगीतरत्नाकरा'त षड्जाला कमळाचा रंग दिला, गंधाराला सोन्याचा, पंचमाला काळा. रशियात संगीतकार स्क्रिआबिनला सी मेजर लाल वाटे, रिम्स्की-कोर्साकोव्हला पांढरा. यात भांडणार तरी कशावर? ज्याचा रंग त्याच्या डोक्यात. २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एका स्विस वादक बाईची हकिकत आली. तिला सुरांतल्या अंतरांची जिभेवर चव येई: षड्जापासून शुद्ध गंधार गोड, कोमल गंधार खारट, पंचम म्हणजे स्वच्छ पाणी. शारंगदेवाचा काळा पंचम इथे पाणी झाला! पण ती चवही तिच्या एकटीची.

खिचडी सगळ्यांनी खाल्लेली असते. म्हणून पखवाजवाल्याचा तो टोला बरोबर बसतो आणि कुणाला लागत नाही.

भरतमुनींनीही 'नाट्यशास्त्रा'त रसांना रंग वाटून दिले, शृंगाराला सावळा, हास्याला पांढरा. पण रस म्हणजे काय हे समजावताना ते जेवणाऱ्या माणसाकडे वळले: मसाले, वनस्पती, गूळ एकत्र येऊन जशी चव तयार होते, तसा रस. रंगांचा तो तक्ता आज अभ्यासकच उघडतात. जेवणाचा दाखला वर्गात अजून चालतो.