मागच्या सीटचं मत

शनिवारी सकाळी पावसाने उघडीप दिली आणि घरातलं कुणी म्हणालं, ‘चल, भोरला जाऊन येऊ’, तर लगेच हो म्हणावं, अशा मताची मी आहे. संसारात जवळजवळ सगळं आधी ठरवूनच करावं लागतं. कर्जाचे हप्ते, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं पथ्यपाणी. न ठरवता घराबाहेर पडलं की एकमेकांकडे पुन्हा नीट बघायला सवड मिळते. भाद्रपदाच्या अखेरीला कापूरहोळला महामार्ग सोडून भोरच्या रस्त्याला लागावं. खाचरांत इंद्रायणी पोटरीला आलेली असते, डोंगरउतारांवर सोनकी पिवळीजर्द फुललेली असते आणि भाटघरचं पाणी काठोकाठ असतं. असं काही पाहायला मुहूर्त लागत नाही.

मात्र गाडीवर दोन माणसं असतात आणि हॅन्डल एकाच्याच हातात असतं. वेग तो ठरवतो, ब्रेक त्याच्या पायाखाली असतो, समोरून येणारी एसटी आधी त्यालाच दिसते. मागच्या माणसाला दिसते ती पाठ. वळणावर गाडी कलली की मागच्यानेही तिच्याबरोबर कलायचं असतं. घाबरून उलट्या बाजूला अंग टाकलं तर चालवणाऱ्याचा तोल बिघडतो. म्हणजे भीती वाटत असतानाही विश्वास टाकायचा, आणि तोही सगळ्या अंगानिशी. नात्यात इतका उघड विश्वास रोज कुठे टाकला जातो? तो ज्याच्यावर टाकला जातो, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, याचा विचार मी बरीच वर्षं मागच्या सीटवर बसून करते आहे.

मागे बसणाऱ्याचा विचार कायद्याने आपल्या आधी केलेला आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की मोटरसायकलला मागच्या माणसासाठी धरायला हॅन्डल हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवेत आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं संरक्षण हवं. तेच आपलं साडीगार्ड. पदर, ओढणी, परकराचा काठ आरीत अडकून किती बायका पडल्या असतील, म्हणून तो नियम झाला असेल. आणि नवी गाडी दारात आली की दिसायला बरं नाही म्हणून पहिल्यांदा निघतं ते साडीगार्डच. हेल्मेटचंही तसंच. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम दोघांनाही हेल्मेट घालायला सांगतं. सुट्टीच्या दिवशी भोर रस्त्यावर तासभर उभं राहून बघा. पुढच्याच्या डोक्यावर चांगलं, महागाचं हेल्मेट असतं. मागची ओढणी तोंडाला गुंडाळून बसलेली असते आणि दोघांच्या मध्ये उघड्या डोक्याचं मूल झोपलेलं असतं. पुढच्याचं प्रेम कमी आहे, असं मी म्हणत नाही. मागचा माणूस आपल्यात धरलेलाच आहे, असं त्याने गृहीत धरलं आहे. काळजी तिथेच सुटते.

सोबत्याला गृहीत न धरण्याची याच मुलखातली एक हकिकत मला फार मोलाची वाटते. 1659 साली अफजलखान चालून आला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं गेली. रोहिडखोऱ्याचे देशमुख, कारीचे कान्होजी जेधे, त्यांनाही आलं. पाचही मुलांना घेऊन ते शिवाजी महाराजांना भेटले. तोवर शेजारचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले होते. जेधे करीन्यात पुढचं वाचायला मिळतं. महाराजांनी धोका झाकून ठेवला नाही. खानाकडे गेला नाहीत तर वतन जाईल, जिवावरही बेतेल, हे त्यांनी कान्होजींना स्पष्ट सांगितलं आणि जायची मोकळीक दिली. कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं आणि ते राहिले. आपण अभिमानाने सांगतो ती कान्होजींची निष्ठा. तिच्याइतकंच मला ते आधीचं सांगणं मोठं वाटतं. परतीचा रस्ता दाखवून मग सोबत मागितली, म्हणून त्या होकाराला वजन आलं. कान्होजींची समाधी आंबवड्याला आहे, भोरपासून फार लांब नाही. त्या बाजूला गेलात तर थांबा.

सहलीची तुलना स्वराज्याशी करायची नाही, पण जिवाचा प्रश्न घाटातही असतो. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. तिथून आम्ही केळदला, मढे घाटाच्या कड्यापर्यंत जायला निघालो होतो. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून याच वाटेने उमरठला नेला, असं सांगतात. केळदच्या अलीकडे धुकं इतकं दाटलं की रस्त्याची कड दिसेना. मी ह्यांच्या खांद्यावर दोनदा थाप मारली. आमच्यात ठरलेलं आहे, दोन थापा पडल्या की गाडी थांबते, कारण नंतर विचारायचं. ‘अहो, पुढे नको,’ मी म्हणाले. ‘बरं,’ म्हणून ह्यांनी गाडी वळवली. कडा राहिला. परत येताना ना टोमणा, ना सुस्कारा. एवढ्या वर्षांत ह्यांनी माझ्यासाठी जे जे केलं, त्यात हे ‘बरं’ मी फार वर ठेवते.

वेल्ह्यात पिठलं-भाकरी खायला थांबलो तिथे शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं होतं. दोघंही भिजलेली, आनंदात. बोलणं घाटांवर आलं तेव्हा ती मुलगी मला हळूच म्हणाली, ‘मला खूप भीती वाटली हो, पण बोलले नाही. त्याचा मूड गेला असता.’ मला ते ऐकून फार वाईट वाटलं. तिचा जीव त्याच्या हातात आणि त्याचा मूड तिने सांभाळायचा! गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, घाट सुरू व्हायच्या आधी गाडी बाजूला घ्या आणि विचारा. ‘मजा येतेय ना?’ असं विचारू नका; त्याला हो सोडून उत्तर नसतं. ‘हळू घेऊ का? इथूनच फिरू या का?’ असं विचारा आणि उत्तर आलं की त्यावर वाद घालू नका.

तिचं बोलणं त्या मुलाच्या कानावर गेलं होतं. भाकरी हातातच राहिली. ‘कुठे भीती वाटली?’ त्याने विचारलं. ‘पाबे घाटात, पहिल्याच वळणावर,’ ती म्हणाली आणि मग एकेक जागा सांगत गेली. तिचं सांगून होईपर्यंत तो मध्ये बोलला नाही. मग म्हणाला, ‘जाताना नसरापूरवरून जाऊ. थोडं लांब पडेल.’