आजीचा विश्वास

शास्त्रभाग : २ तीमथ्य १:५ ; १ तीमथ्य ५:४



पवित्र शास्त्रांत लोईस हें नांव एकदांच आलें आहे. तिचा नवरा कोण होता, ती किती वर्षें जगली, केव्हां निवर्तली, यांपैकीं कांहींच लिहिलेलें नाहीं. ती तीमथ्याची आजी होती व तिच्या ठायीं निष्कपट विश्वास होता, एवढेंच पौल लिहितो. आणि तें तो बंदिवासांत, आपला अंतकाळ जवळ आला हें ओळखून लिहितो. मरण समोर उभें असतां ज्या थोड्या माणसांची त्याला आठवण झाली, त्यांत ही आजी होती. आपल्या मंडळींतून एखादी वृद्ध आजी दीर्घ आयुष्य भोगून प्रभूकडे गेली, म्हणजे तिचें स्मरण कसें करावें, याचा विचार आज या वचनाच्या आधारें करूं.

प्रथम हें पाहा कीं, लोईसचें घर सोपें नव्हतें. तीमथ्याची आई विश्वास धरणारी यहूदी स्त्री होती, पण बाप हेल्लेणी होता. एका छपराखालीं दोन रीति! लुस्त्र गांवांत सभास्थान असल्याचा उल्लेख शास्त्रांत नाहीं. तेथील लोक तर पौल व बर्णबा यांना देव समजून त्यांच्यापुढें बैल बळी देण्यास निघाले होते. अशा गांवीं मुलाला देवाचें वचन कोठें मिळालें? तीमथ्याला बाळपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक होतें असें पौल सांगतो, आणि नांवें घेतो तीं आजीचें व आईचें. तेव्हां तें घरांतच मिळालें, हें उघड आहे.

ज्या गांवीं उपासनामंदिर नाहीं व उपदेशकाची फेरी कधीं काळीं होते, तेथील बंधूंनीं हें ध्यानांत धरावें. उपदेशक येतो आणि जातो. आजी रोज घरीं असते. आपल्या मंडळ्यांतील पूर्वींच्या पुष्कळ आज्यांना अक्षरओळख नव्हती. कानानें ऐकलेलीं गीतें त्यांनीं जात्यावर बसून म्हटलीं, चुलीपाशीं योसेफाची व दावीदाची गोष्ट सांगितली, आणि घास घेण्यापूर्वीं नातवाला हात जोडावयास शिकविलें. त्यांचें नांव कोणत्याहि अहवालांत आलें नसेल. पण मंडळीचा पाया त्यांनींच भरला.

दुसरी गोष्ट अशी कीं, विश्वास हा वडिलोपार्जित जमिनीसारखा नाहीं. आजा निवर्तला म्हणजे शेत नातवाच्या नांवावर चढतें. आजीचा विश्वास तसा चढत नाहीं. म्हणून पौल तीमथ्याला लगेच सांगतो कीं, तुला मिळालेलें देवाचें कृपादान पुन्हा प्रज्वलित कर. आजीनें विस्तव राखून ठेवला. फुंकर नातवानें घालावयाची आहे.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचें उदाहरण घ्या. त्यांचे पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां घर दुभंगलें. पति गेले म्हणून लक्ष्मीबाई तत्काळ त्यांच्यामागें गेल्या नाहींत. सोवळेंओवळें व जातिभेद यांविषयीं त्यांच्या मनांत मोठा झगडा झाला, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या खात्रीनें बाप्तिस्मा घेतला. पुढें पोटच्या लेकराबरोबर पोरक्या मुलांनाहि त्यांनीं आपल्या घरांत जागा दिली. १९१९ सालीं वैधव्य आलें. तरी पतीचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांनीं पुरें केलें. लग्नाच्या वेळीं ज्यांना वाचतां येत नव्हतें, त्यांनींच उतारवयांत ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. आणि पुढें त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं त्या ग्रंथाचें संपादन केलें. पतीचा विश्वास पत्नीला आयता मिळाला नाहीं. मग आजीचा विश्वास आम्हांस आयता कसा मिळेल?

येथें आजीबाईंनाहि एक शब्द सांगावासा वाटतो. कुटुंबाची माया चांगली, पण ती कुंपणासारखी नसावी. नामी पति व दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमास परतली, तेव्हां मला मारा म्हणा, असें ती कडू मनानें म्हणाली. परंतु परदेशी सून रूथ हिला तिनें परकी मानलें नाहीं. तिचा संसार पुन्हा उभा राहावा म्हणून ती झटली. शेवटीं ओबेद बाळ नामीच्याच उराशीं आलें, आणि त्या ओबेदाचा नातू दावीद राजा झाला. सुनेचें मन मोडून नातवाचें मन घडवितां येत नाहीं.

आतां शेवटची व कठीण गोष्ट. पौल म्हणतो कीं, विधवेला मुलें किंवा नातवंडें असलीं तर त्यांनीं प्रथम आपल्या घरीं धर्म आचरावा व वडिलांच्या उपकारांची फेड करावी. प्रियहो, आजीच्या मरणानंतर मांडव घालतात, कर्ज काढून गांवजेवण देतात, तिच्या प्रार्थनाशील जीवनाविषयीं भाषणें करतात. आणि ती जिवंत होती तेव्हां? या महिन्यांत थोरल्याकडे, पुढच्या महिन्यांत धाकट्याकडे, अशा पाळ्या लावून तिला फिरविलें. डोळ्यांत मोतीबिंदु वाढला तरी कोणीं दवाखान्यांत नेलें नाहीं. उपासनेला ये, मी हात धरतों, असें कोणी म्हणालें नाहीं. जी स्तुति ऐकावयास ती उरली नाहीं, ती स्तुति देवाला काय आवडणार? आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्यानें विश्वास नाकारला आहे, असें प्रेषितानें स्पष्ट सांगितलें आहे. हें वचन सौम्य करून सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

म्हणून ज्यांची आजी गेली आहे, त्यांनीं तिची आवडती प्रार्थना आज रात्रीं आपल्या लेकरांसह करावी. ज्यांची आजी अद्याप आहे, त्यांनीं आज तिच्यापाशीं बसावें, तिला प्रभु कसा भेटला हें विचारावें, आणि तिचें औषध, पांघरूण व भाकर यांची चौकशी करावी. उपदेशक बंधूंनो, ज्या वृद्धांना उपासनेस चालवत नाहीं त्यांच्या घरीं जा, त्यांच्या खाटेपाशीं शास्त्र वाचा, प्रभुभोजनाची व्यवस्था करा. आणि त्या वेळीं नातवंडांना जवळ बसवा.

लोईसच्या देवानें आमच्या घरोघरीं असा विश्वास वसवावा. आमेन.