सारखे असावेत की दिसावेत?

भाचीचं चित्र अर्ध्यावर अडलं होतं. कॅनव्हासचा डावा भाग काळा, उजवा पांढरा, आणि दोन्ही भागांत मधोमध एकाच वाटीतल्या करड्या रंगाचा एकेक चौकोन.

“मामा, काळ्यातला उजळ दिसतो, पांढऱ्यातला मळका. मला सारखे हवेत. काळ्यातला जरा गडद केला की जमेल, पण मग ते सारखे उरणार नाहीत! दोरीला साप म्हणण्यातलाच प्रकार.”

“दिवा आणला की साप जातो गं. इथे रंग तूच कालवलास, तरी फरक दिसायचा थांबला?”

“नाही.”

“मग दृष्टांत स्फटिकाचा घे. शेजारी जास्वंद आहे तोवर तो तांबडाच दिसणार, कितीही कळलं तरी. वेदान्त्यांनी हा सोपाधिक, म्हणजे शेजारच्या वस्तूमुळे होणारा, भ्रम वेगळा काढला, ते मला फार मोलाचं वाटतं.”

“भ्रमच ना पण?”

“भ्रमच, पण त्यात रंगाची खोट नसते. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत काळा रंग फिका उतरतो अशी तक्रार होती. तिथल्या रंगविभागाच्या प्रमुखाने, शेव्रलने, तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे काळा फिका दिसत होता. १८३९ साली त्याने यावर ग्रंथच काढला. डोळा उजेड मोजत नाही, शेजाऱ्याशी ताडून बघतो. म्हणून तर भर उन्हात आणि दिव्याखाली तोच कागद आपल्याला पांढराच वाटतो. तू गडद करू नकोस. जाड कागदाला दोन भोकं पाडून चौकोनांवर धरली, की बघणाऱ्याला खरं कळेल.”

“बघणारा भोकांतून का बघेल? मला डोळ्यांची गंमत दाखवायची नाही, मामा. दोन जागा एकसारख्या शांत हव्यात.”

हे मला बिनतोड वाटलं. तरी म्हटलं, “येवल्याची धूपछाँव पैठणी आठव. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कापड हललं की रंग पालटतो. पण तेच डोळ्यांजवळ धरलं की दोन्ही धागे वेगळे दिसतात. तुझ्या चित्रात तसं काय दिसेल?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “काळ्यातला गडद करतेच, पण कॅनव्हासच्या दुमडलेल्या कडेवर दोन्ही करडे शेजारी शेजारी लावते. ज्याला तपासायचं त्याने बाजूला येऊन बघावं.”

“बहुतेक जण समोरूनच बघून जातील.”

“जाऊ देत. त्यांना ते सारखे दिसले असतील, आणि मला तेच दाखवायचं होतं.”

“आणि कड बघणाऱ्याला वाटलं, आपल्याला फसवलं?”

“त्याला पुन्हा समोर उभं करीन. तेव्हाही त्याला ते सारखेच दिसतील.”