मोजपट्टी आणि माणसे

१९९६ साली उपाशीपोटी केलेल्या तपासणीत माझी साखर १३२ भरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मास्तर, काठावर आहात, जपा." दोन वर्षांनी पुन्हा नेमकी १३२ आली आणि या खेपेस ते म्हणाले, "मधुमेह आहे." मधल्या काळात, १९९७ साली, अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञांनी १४० ची मर्यादा १२६ वर आणली होती. त्या एका निर्णयाने माझ्यासारखे कितीतरी लोक बसल्या जागी रोगी ठरले.

गणिताचा शिक्षक असल्याने ही गोष्ट मनात सलत राहिली. मधुमेह वाढतो आहे असे कोणी म्हटले की मी विचारी, माणसे बदलली की मोजपट्टी? हा संशय मला फार सोयीचा होता, हे आता कबूल करतो.

त्याला उत्तर मिळाले ते प्रशांत महासागरातल्या सामोआविषयी वाचताना. सुमारे दोन लाख वस्तीचा हा बेटांचा देश. १९७८ ते २०१३ या काळात तेथे अनेक पाहण्या झाल्या. रोग कोणाला म्हणायचे याचा निकष प्रत्येकीत सारखा नव्हता. तेव्हा अभ्यासकांनी माणसागणिक मूळ नोंदी काढून सर्वांना एकच कसोटी लावली : उपाशीपोटी १२६ वा अधिक, किंवा औषध चालू. शहर आणि खेडे यांचे प्रमाणही जनगणनेशी जुळवून घेतले. म्हणजे १९७८ च्या माणसालाही आजचीच पट्टी. तरीही २५ ते ६४ वयाच्या पुरुषांतले प्रमाण १.२ टक्क्यांवरून १९.६ वर आणि स्त्रियांतले २.२ वरून १९.५ वर गेलेले दिसले. पट्टी जागची हलली नसताना आकडा हलला होता.

आकडा खरा ठरला म्हणजे प्रश्न संपतो का? टक्केवारीच्या आधाराने माणसांचा निवाडा करणे आपल्या सीमाभागाला नवे नाही. मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले जाते यावर गावाचे भवितव्य अवलंबून आहे, असे आमच्या वडिलांची पिढी मानत असे आणि रकाना भरणाऱ्याच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून पाही. 'किती' हे सांगणारा आकडा ऐकणाऱ्याच्या कानात 'कसे' होऊन शिरतो : ही माणसे अशीच!

सामोआ स्वतंत्र झाला त्याच १९६२ साली जेम्स नील या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने एक तर्क मांडला. दुष्काळात अन्न साठवून माणसाला जगवणारी काटकसरी जनुके सुबत्तेत त्यालाच मारक ठरतात, असा. पुढे त्यानेच आपली मांडणी बदलली, पण तर्क लोकांना आवडला होता. दोष रक्तात निघाला की बंदरावर काय उतरते हे पाहावे लागत नाही. टर्की पक्ष्याच्या शेपटाकडचा चरबीचा तुकडा, जो अमेरिकेत फारसे कोणी खात नाही, तो बेटांवर स्वस्तात विकला जाई. २००७ साली सामोआने त्याच्या आयातीवर बंदी घातली. २०१२ साली जागतिक व्यापार संघटनेत शिरताना ती उठवण्याचे कबूल करावे लागले. रक्तातली साखर मोजणाऱ्याने या कराराचीही नोंद ठेवावी की नाही? माझ्या मते ठेवावी, नाहीतर त्याचे मोजमाप अर्धेच.

त्याच अभ्यासात २०२० सालासाठी २६ टक्क्यांचा अंदाज होता. अंदाज हा प्रकार मोठा विलक्षण. तो करणाऱ्याने गणित अचूक करायचे आणि मनातून ते चुकावे अशी इच्छा धरायची. शाळेत मी असे उदाहरण कधी घातले नाही.

गेल्या दिवाळीत नातवाने विचारले, "आजोबा, मलापण होणार का?" मी म्हणालो, "आपल्या घराण्यातच आहे रे ते." त्याने हातातला बेसनाचा लाडू मुकाट्याने ताटात ठेवला. निवृत्त झाल्यावर मी सकाळचे चालणे सोडले, रोज दोन वेळा दुकानातून फरसाण आणू लागलो, हे काही मी त्याला सांगितले नव्हते.