न सांगितल्याचं पाप

सकाळी गाडी हूं की चूं करीना. मेकॅनिकने पायाशी वाकून रबराचे चार तुकडे काढले. ब्रेकच्या पेडलवर एक रबरी बटण असतं; पाय काढला की ते स्विच दाबून मागचे दिवे विझवतं. तेच झिजून पडलं होतं. २१ वॅटचे दोन दिवे, तासाला साडेतीन अँपिअर-अवर खर्च. ३५ ची शिल्लक दहा तासांत शून्य! हा हिशेब बँकेतल्या माणसाला लगेच कळतो.

"दिवे मी रात्रीच पाहिले," वॉचमन म्हणाला. "वाटलं, साहेबांनी मुद्दाम ठेवले असतील."

"अहो, पाहून न सांगणं हे पाप आहे!" मी कडाडलो आणि त्याच तोंडाने काउंटरवर जाऊन बसलो. रांगेतल्या एका आजोबांच्या स्लिपवर सही नव्हती. ते चौथे असतानाच मला दिसलं होतं. सांगितलं मात्र नंबर आल्यावर. आजोबा मुकाट्याने पुन्हा शेवटी जाऊन उभे राहिले. वॉचमनला निदान शंका होती. मला तर खात्री होती.

मी उठून त्यांना पुढे बोलावलं. संध्याकाळी वॉचमनची माफीही मागितली.

रात्री दोन वाजता बेल वाजली. दारात वॉचमन.

"साहेब, दिवे बंद आहेत!"